हे बरे आहेत

"हे बरे आहेत," बाबा फोनवर म्हणाले. "आत्ताच चहा झालाय ह्यांचा."

मी ऑफिसात होते. कानाला फोन, समोर पडदा, आणि पडद्यावर सकाळपासून हलायला तयार नसलेली एक आडवी रेघ. मी नेहमीसारखं "बाबा, कसे आहात?" असं विचारलं होतं. आता नेहमीसारखं "ठीक" येईल, मग मी हवेबद्दल बोलेन, ते "हं" म्हणतील आणि दोघंही सुटका झाल्यासारखे फोन ठेवू, असं सगळं ठरलेलं होतं. त्याऐवजी हे. आमच्या घरात "हे" म्हणजे बाबा, पण फक्त आईच्या तोंडून. आईने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. त्यात लाजण्याबिजण्याचा भाग नव्हता, लाजणं तिला जमायचंच नाही. नाव फार लांबलचक आहे, एवढ्या वेळात दोन कामं होतात, म्हणायची. ह्यांना अजून थोडं वाढ. ह्यांच्या डोळ्यावर ऊन येतंय, पडदा ओढ. ह्यांना तुझा तो मित्र आवडला नाही, चेहऱ्यावरून कळतंय ना. ती हिवाळ्याच्या तोंडाशी गेली, आता झाडांना पालवी फुटायला लागली होती, आणि तिच्या फोनवर, तिच्या त्या किंचित तक्रारीच्या चालीत बाबा स्वतःलाच "हे" म्हणत होते. "कोण बरे आहेत, बाबा?" मी विचारलं. "हे गं," ते जरा वैतागून म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता, "वेळेवर जेवतेस ना?" असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न बाबांनी मला आयुष्यात विचारलेला नव्हता. तो आईच्या खात्यातला प्रश्न होता आणि दुसऱ्याच्या खात्यात बाबा कधी ढवळाढवळ करत नसत.

दादाला हे माझ्याआधी कळलं होतं. त्याला बाबांनी फोनवर सांगितलं होतं की ह्यांचा गुडघा दुखतोय पण हे बोलणार नाहीत, तूच ह्यांना विचार. दादा दुसऱ्या शहरात राहतो, मोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासणं हे त्याचं काम. त्यामुळे कुरकुर ऐकू आली की आधी लिफ्ट बंद करायची, कारण मग शोधायचं, ही त्याची रीत. त्याने चौकश्या सुरू केल्या. त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी एक निवास आहे, बागबिग आहे, परिचारिका असतात. तिथे एक खोली रिकामी होत होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार. "हे म्हातारपणातलं ते आहे," तो म्हणाला. त्या आजाराचं नाव घ्यायचं त्याने टाळलं, जसं आई बाबांचं टाळायची. "उद्या गॅस चालू राहिला, किंवा जिना उतरून कुठे निघून गेले, तर? तू जा, दिवसभर त्यांच्याबरोबर राहा, नीट बघ आणि मला सांग. तू सांगशील तसं करू. तू शास्त्रज्ञ आहेस." मी म्हटलं, "मी माणसांची शास्त्रज्ञ नाहीये." "मग कसली?" "न्यूट्रिनोंची." "मग त्यातलं काय ते बघ," दादा म्हणाला. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. मी फोन ठेवला आणि पुन्हा त्या आडव्या रेघेकडे बघत बसले. बाबा त्यांच्या घरात राहणार की नाही हे शनिवारी संध्याकाळी मी ठरवणार होते, आणि मला साधी एक रेघ का हलत नाही तेही ठरवता येत नव्हतं.

न्यूट्रिनो हा कण म्हणजे भिडस्तपणाचा कळस. अख्ख्या पृथ्वीतून आरपार जाईल, पण वाटेत कुणाला धक्का लागू देणार नाही. तुमच्याआमच्या अंगातून आत्ता ढिगाने जातायत आणि कुणालाही पत्ता नाही. त्यांचे तीन प्रकार असतात. आमच्या इंग्रजी लेखांमध्ये त्यांना फ्लेवर म्हणतात. एकदा मी हे आईला सांगत होते, ती मटार सोलत होती, मी कमी सोलत होते आणि जास्त खात होते. "तीन चवी असतात," मी म्हटलं, "आणि जाता जाता त्या बदलतात. निघताना एक, पोचताना दुसरी." आई बालवाडीची बाई होती, तिला अर्धवट समजलेलं चालायचं नाही. "चव कशी बदलेल? तू चाखून बघतेस का? वाण म्हण." मग तिने जास्त शेंगा माझ्याकडे सरकवल्या आणि विचारलं, "आपला आपला बदलतो का शेजाऱ्याचा बघून?" मी तेव्हा थक्क झाले होते, कारण आमच्या क्षेत्राला हा प्रश्न पडायला बराच काळ गेला. एकटा न्यूट्रिनो आपला आपला बदलतो, सावकाश, झोपाळ्यासारखा जातो आणि परत येतो. पण प्रचंड तारा कोसळतो तेव्हा त्याच्या पोटात न्यूट्रिनोंची अशी काही दाटी होते की हे जन्माचे भिडस्तसुद्धा एकमेकांची दखल घ्यायला लागतात. मग कुणाचाच वाण त्याचा एकट्याचा राहत नाही. सगळा थवा एका तालात बदलतो. हे ऐकून आई इतकी हसली की मटार सांडले. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," ती म्हणाली. "तुमच्या तिथे उलटंच दिसतंय. गुण राहिला बाजूला, वाणच लागतो." बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते. आई त्यांच्याकडे बघून मला म्हणाली, "ह्यांना मात्र काही लागलं नाही हो. इतकी वर्षं शेजारी बांधलेत." बाबांनी पेपरचं पान उलटलं.

त्यांना काही लागलं नाही हे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. बाबा नगररचना खात्यात नकाशे काढायचे. पुढे यंत्रं आली तरी हाताने काढलेले मूळ नकाशे सांभाळायला त्यांनाच ठेवलं होतं. कागदावर गल्लीसुद्धा नावानिशी, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खिशातून पैसा काढल्यासारखा. घरात बोलणं आईचं आणि गप्प बसणं बाबांचं, अशी वाटणी होती, आणि ती आम्हाला हवापाण्यासारखी वाटायची. पाहुण्यांनी बाबांना काही विचारलं की बाबा आईकडे बघायचे आणि आई उत्तर द्यायची. आम्हाला वाटायचं सगळ्यांचे आईवडील असेच असतात, एकाला प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्याकडून उत्तर घ्यायचं. आणि शेवटी आईनेच बोलणं सोडलं. दवाखान्यातले ते आठवडे मला अजून नीट आठवत नाहीत, फक्त तिची उशीवरची मान आठवते, खिडकीकडे वळलेली. मी रोज संध्याकाळी जायची. बोलायची, विचारायची. ती माझा हात धरून ठेवायची पण बोलायची नाही. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, शक्ती वाचवत असतील. आई आणि शक्ती वाचवणार? जिने बालवाडीच्या खोलीत वर्षानुवर्षं गोंगाटावर गोंगाट करून राज्य केलं ती? ती माझ्याशी का बोलत नाही, हे मला कळलं नाही, आणि एका सकाळी विचारायची सोयही राहिली नाही. तेव्हापासून बसमध्ये, लिफ्टमध्ये, भांडी घासताना मी आठवत बसते की मी शेवटचं असं काय बोलले होते ज्याला उत्तर देण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी मी मास्तरांना ती रेघ दाखवली. मास्तर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख, सदा एक संत्रं सोलत असतात, त्यांच्या सगळ्या कागदांना संत्र्याचा वास येतो. आमचं काम सांगायला सोपं आहे. न्यूट्रिनोंची एक गर्दी घ्यायची, कागदावर, म्हणजे संगणकात. ती शांत दिसते. प्रश्न एवढाच की ती खरोखर शांत आहे, की कुणी हात लावला नाही म्हणून शांत आहे. ते कळायला तिला जरासं डिवचायचं, चिमूटभर, इतकं कमी की असून नसल्यासारखं. चिमूट जिरून गेली तर शांतता खरी. चिमूट वाढत गेली, दुप्पट, चौपट, तर ती शांतता नुसती दिसायची होती, आत सगळं उलथायच्या बेतात होतं. माझी चिमूट जिरूनही जात नव्हती आणि वाढतही नव्हती, म्हणून ती रेघ आडवी. मास्तरांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि प्रोग्राम वर-खाली करून पाहिला. "तू सगळ्या दिशा सारख्या धरल्यायस," ते म्हणाले. "हिशोब वाचतो म्हणून," मी म्हटलं. सगळेच धरतात. एका दिशेचं काढायचं आणि बाकीच्यांना तेच लावायचं. "मग बिचारी हलतील कशी?" मास्तर म्हणाले. "तूच त्यांना सांगितलंयस, वेगळं वागायचं नाही म्हणून." मग त्यांनी मला आणखी एक फोड दिली आणि म्हणाले की या प्रकारात कुणी वाण मिळवत नाही की गमावत नाही, हे विसरू नको, दोघं समोरासमोर आले की अदलाबदल होते, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, एकूण बेरीज जागच्या जागी. मला हे माहीत होतं. मी हे विद्यार्थ्यांना शिकवते. मी संत्रं खाल्लं आणि घरी गेले.

शनिवारी सकाळी बाबांनी दार उघडलं. दाढी केलेली, स्वेटरची बटणं बरोबर लावलेली. "आलीस? दमलीस," ते म्हणाले. "बूट मध्ये काढू नको, ह्यांना अडखळायला होतं." मी बूट कडेला सारले. आई अगदी हेच, अगदी अशाच सुरात म्हणायची, आणि बाबा तेव्हा मागे उभे राहून माझ्याकडे बघत हळूच भुवया उंचावायचे, हे आमचं दोघांचं गुपित होतं. आता भुवया उंचावायला मागे कुणी नव्हतं. मी घरभर हिंडले. उगाच पाणी प्यायच्या निमित्ताने, केस विंचरायच्या निमित्ताने. गॅस बंद होता. फ्रिजमध्ये काही नासलेलं नव्हतं. गोळ्यांच्या डबीत ज्या खणातल्या संपायला हव्या होत्या त्याच संपल्या होत्या. पलंगाची आईची बाजूसुद्धा रोज झटकल्यासारखी नीट होती. हे सगळं शांत होतं, आणि माझ्या धंद्यात शांत दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्याला हसतात. बाबा स्वयंपाकघरात सूप ढवळत होते आणि एकटेच बोलत होते. "ह्यांना मीठ कमी लागतं. म्हणणार नाहीत, गिळतील मुकाट्याने." आणि मीठ कमी घातलं. मी दारात उभी राहून त्यांची पाठ बघत होते. मला ओरडून म्हणावंसं वाटलं, बाबा, हे म्हणजे तुम्हीच ना, माहीत आहे ना तुम्हाला? पण तसं कसं विचारणार? विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर?

म्हणून मी तो वेडेपणा केला. दुसऱ्या कुणी सरळ विचारलं असतं, नाहीतर डॉक्टरला बोलावलं असतं. मी चिमूट टाकली. जेवणाच्या खोलीत एक जुनं कपाट आहे, त्याचं दार बाबा नेहमी उघडं टाकायचे आणि आई नेहमी लावायची. लावताना म्हणायची, "ह्यांना कपाट लावता यायचं नाही या जन्मी." ते बाबांनी सकाळपासून लावलेलंच होतं. मी ते हळूच उघडलं, बोटभर, आणि पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसले. बाबा आले, थबकले, दार लावलं. "ह्यांना कपाट लावता यायचं नाही या जन्मी," ते म्हणाले आणि गेले. म्हणजे स्वतः काय केलं आणि काय नाही हे त्यांना आठवत नाही. मी न केल्यासारखं करून पुन्हा उघडलं, या वेळी जास्त. पुन्हा आले, पुन्हा लावलं, पुन्हा तेच वाक्य, जरा मोठ्याने. दादाला काय सांगायचं त्याची वाक्यं माझ्या डोक्यात जुळायला लागली. मी आईचा चष्मा खिडकीतून उचलून मांडणीवर ठेवला. बाबांनी तो उचलून काचा पुसल्या, जागेवर ठेवला, काही बोलले नाहीत. मी स्टूल वाटेत सरकवलं. मी माझ्या बापाला डिवचत होते आणि वाढतंय की जिरतंय ते बघत होते, आणि मला ते अगदी योग्य वाटत होतं, हेच त्यातलं वाईट. तिसऱ्यांदा मी कपाटाला हात लावला तेव्हा बाबा दारातच उभे होते, हातात पाव कापायची सुरी आणि खांद्यावर फडकं.

"ते तू उघडतेयस," बाबा म्हणाले. हा त्यांचा स्वतःचा आवाज होता, खालचा, वापर कमी झाल्यामुळे खरखरीत. "पहिल्यापासून तूच उघडतेयस." मी म्हटलं, "मग तुम्ही तसं का म्हणालात? ह्यांना लावता येत नाही म्हणून?" "दार उघडं दिसलं की ते म्हणायचं असतं," बाबा म्हणाले, आणि बालवाडीतल्या मुलाला समजावल्यासारखं पुढे म्हणाले, "उघडं कुणी टाकलं त्याचा काय संबंध?" मग ते परत गेले आणि पाव कापायला लागले. मी मागोमाग गेले. लाजेने माझे कान तापले होते. मी त्यांच्या हातातली सुरी घेतली, ते सरकले, मी पाव कापायला लागले आणि माझ्याच्याने तो नीट कापला जाईना.

"दादाला वाटतं तुम्हाला कळत नाही," मी म्हटलं. "तुम्ही स्वतःला 'हे' म्हणता."

बाबांनी फडकं घडी करून ठेवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी केली. मला वाटलं झालं, आता ते गप्प बसणार. ते खुर्चीवर बसले. "तुम्ही दोघं बाबा म्हणता," ते म्हणाले. "खालचा दुकानदार काका म्हणतो. पोस्टमन साहेब म्हणतो. 'हे' कोण म्हणणार?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "घरात कुणी तसं म्हटलं नाही की मग कळत नाही, आपण आहोत की बाहेर गेलोय. तेवढ्यासाठी म्हणतो. इतकं काही नाही." मी पावाच्या वेड्यावाकड्या कापांकडे बघत उभी राहिले. तो शब्द माझ्या मनात मी किती वेगवेगळ्या आजारांच्या रांगेत उभा करून बघितला होता. आणि तो आपला एका माणसाला हाक मारायला घरात राहिला होता.

सूप निवत होतं. आम्ही कुणी जेवायला बसलो नाही. एकदा बोलायला लागल्यावर बाबांना थांबायची सवय नव्हती, किंवा थांबायचं कुठे ते कळत नव्हतं. "तिने दिलंय ते," ते म्हणाले. "काय?" "बोलायचं. दवाखान्यात." मी सुरी खाली ठेवली. "तू यायचीस संध्याकाळी, त्याच्या आधी दुपारभर मी असायचो. एक दिवस म्हणाली, मी दमले हो बोलून, इतकी वर्षं दोघांचं मी एकटीच बोलत आलेय. आता माझं तुम्ही बोला. मी म्हटलं, मला येत नाही. तर म्हणाली, येईल. मी तुमचं घेते, गप्प बसायचं. बघू तरी काय आहे त्यात एवढं." बाबांच्या चेहऱ्यावर एक हसू येऊन गेलं, आईने त्यांना कोपरखळी मारल्यावर यायचं तसं. "मग मी बोलायचो. काय बोलणार? गल्ल्यांची नावं सांगायचो. नदीच्या अलीकडच्या सगळ्या, मग पलीकडच्या. कुठली गल्ली आधी कुठून जायची, कुठला पूल नकाशात चुकीचा काढला होता आणि मी कसा गुपचूप सरळ केला. ती ऐकायची. डोळे मिटून ऐकायची. गप्प बसायला तिला आवडायला लागलं होतं. एकदा हळूच म्हणाली, एवढं चांगलं असतं हे, आणि तुम्ही इतकी वर्षं एकटेच खात होतात होय."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. ती रागावलेली नव्हती. माझ्या कुठल्याच वाक्याला उत्तर नव्हतं असं झालेलं नव्हतं. ती माझा हात धरून पडली होती ती बाबांच्यासारखी, बाबा माझ्याबरोबर अभ्यासाला जागायचे तसे, न बोलता, नुसते शेजारी, आणि तेव्हा मला त्या शेजारी असण्याने किती बरं वाटायचं. तिने तेच दिलं होतं मला रोज संध्याकाळी, आणि मी ते ओळखलं नाही, कारण मी ते तिच्याकडून कधी घेतलेलं नव्हतं. आम्ही इतकी वर्षं आईचं आईला आणि बाबांचं बाबांना लावून हिशोब वाचवला होता. बाबांनी उठून मला पाणी दिलं. "रड," ते म्हणाले. "नाक पूस मग." यातलं पहिलं त्यांचं होतं की दुसरं, ते मी ठरवायला गेले नाही.

आम्ही निवलेलं सूप प्यायलो. मीठ कमी होतं. दुपारभर बाबा त्यांच्या खुर्चीत बसून होते, मी आईच्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं: निवास, बाग, परिचारिका, संध्याकाळपर्यंत द्यायचं उत्तर. मीच ठरवायचं असं दादा म्हणाला, तेही सांगितलं. दादा बरोबर असू शकतो, हेही. आज नसलं काही तरी उद्या होऊ शकतं, गुडघा आहे, जिना आहे, आणि मी रोज येऊ शकत नाही. मी आता खात्रीने काहीच सांगू शकत नव्हते. गर्दी शांत आहे की नुसती दिसते हे मला न्यूट्रिनोंचं सांगता येत नव्हतं, बापाचं कुठून सांगणार? "बाबा, काय करू?" मी विचारलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ऊन वर सरकत होतं. "ह्यांना दुसरीकडे झोप लागत नाही," ते म्हणाले. "प्रवासात बघितलंयस ना, रात्रभर कूस बदलतात." तिचाच सूर, तिचीच वकिली. तिने ती आयुष्यभर केली होती, ह्यांना हे हवं, ह्यांना ते नको, आणि बाबांनी कधी काही मागितलं नव्हतं, कारण मागायच्या आधीच कुणीतरी त्यांच्यासाठी मागितलेलं असायचं. मी म्हटलं, "हे आईचं झालं, बाबा. मला कळलं. आता तुमचं सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आईच्या खुर्चीकडे बघितलं, पाहुण्यांनी काही विचारल्यावर बघायचे तसं. मी उत्तर देणार नव्हते. मी गप्प बसले. किती वेळ ते मला माहीत नाही, खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकल लावली, कुणाचं तरी दार वाजलं. बाबांनी ओठ हलवले, थांबले. लिहिता येत असलेला पण कधी उच्चारलेला नाही असा एखादा शब्द असतो, तसं त्यांचं झालं होतं.

"मला," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "मला इथं राहायचंय."

मी उठून आतल्या खोलीत गेले आणि दादाला फोन लावला. तो वाटच बघत होता, पहिल्या घंटेला उचलला. "बोल. त्या लोकांना कळवायचंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाबा इथंच राहणार. मी दर शनिवारी येईन. मधल्या दिवसांचं आपण दोघं बसून बघू. गुडघ्यासाठी डॉक्टरकडे मी नेते."

"तुझी खात्री आहे?"

"नाही."

"मग?" त्याचा आवाज चढला. "खात्री नसताना काय सांगतेस तू मला? हे तुझं मत आहे की नुसती दया?"

"माझं काहीच नाहीये दादा. त्यांनी सांगितलं."

"सांगितलं म्हणजे कसं? ते आईचं बोलतात तसं?"

"नाही. स्वतःचं."

मग दादा सावकाश म्हणाला, "शब्द सांग. काय म्हणाले ते तसंच सांग."

"मला इथं राहायचंय."

"'मला' असं म्हणाले? बाबा?"

"हो."

त्याच्या घरात कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही. "मग राहू देत," तो शेवटी म्हणाला. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्याने मला थांबवलं, आणि लहानपणी अंथरुणात पडून गोष्ट मागायचा त्या आवाजात म्हणाला, "परत सांग ना, कसं म्हणाले."

मी त्याला परत सांगितलं.